भाडेकरूकडून घर कायदेशीर मार्गाने परत कसं घ्यायचं: महाराष्ट्रातल्या घरमालकांसाठी

माझ्या मामांचा पुण्यात पेठेत वाडा आहे आणि माझा उपनगरात एक वन बीएचके. दोन्ही घरांत राहणारी माणसं एका टप्प्यावर ‘निघत नाही’ म्हणाली. मामांचा दावा चौदा वर्षं चालला. मला फ्लॅटची किल्ली सात महिन्यांत परत मिळाली. मामांचे वकील माझ्या वकिलांपेक्षा जास्त नावाजलेले होते, आणि मामांची बाजूही न्याय्य होती. फरक एवढाच, की त्यांच्याकडे १९६८ सालच्या भाडेपावत्या होत्या आणि माझ्याकडे नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार.

म्हणून कोणी फोन करून ‘भाडेकरूला कसं काढू?’ असं विचारलं की मी आधी विचारते, हातात कागद कोणता आहे? त्यावरच पुढचं सगळं ठरतं: कोणत्या दारात जायचं, कोणती नोटीस पाठवायची, किती वाट पाहायची.

हा लेख महाराष्ट्रातल्या राहत्या घरांपुरता आहे. गोव्यात १९६८ चा वेगळा भाडे नियंत्रण कायदा आहे, बेळगावात कर्नाटकचा. तिथे यातली कलमं लावू नका. आणि २०२१ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या बातम्या वाचून ‘आता नवीन कायदा आलाय’ असं धरून चालू नका. तो राज्यांसाठी नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो कुणाच्या दारापर्यंत पोचत नाही. आपल्याकडे चालतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे.

आधी कागद ओळखा

बोलताना आपण सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो. कायदा म्हणत नाही.

पहिला प्रकार लिव्ह अँड लायसन्सचा. यात राहणारा ‘परवानाधारक’ असतो. त्याला घरात ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी असते, घरावर हक्क मिळत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत शहरांत दिलेले बहुतेक फ्लॅट याच प्रकारातले. यासाठी कलम २४ आहे आणि त्याचा अर्ज न्यायालयात नव्हे, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे करायचा.

दुसरा प्रकार खऱ्या भाडेकरूचा: वाड्यातले, चाळीतले, पागडीचे. भाडं दरमहा साठ-सत्तर रुपये, पावती वडिलांच्या नावाची आणि राहतोय नातू. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयांना हा हक्क पुढे मिळतो. इथे ‘मुदत संपली’ हे कारण चालतच नाही. कायद्यात दिलेलं एखादं कारण सिद्ध करावं लागतं, तेही मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी लघुवाद न्यायालयात आणि जिथे ते नाही तिथे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्यापुढे. आणखी एक खोच आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते, त्यांना कायद्याने भाडेकरूच मानलं आहे. आजोबांच्या काळातला ‘लायसन्स’ लिहिलेला कागद सापडला म्हणून हुरळून जाऊ नका.

तिसरा प्रकार सर्रास दिसणारा आणि सगळ्यात वाईट: पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतलेला करार, किंवा तोही नाही. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, ही समजूत आपल्याकडे भक्कम आहे. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यांना नोंदणी सक्तीची आहे, या जुन्या नियमातून ती आलेली. पण महाराष्ट्रात कलम ५५ नुसार भाडेकरार असो वा लायसन्स, मुदत कितीही असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल राहणारा सांगेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हा खर्च वाचवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. बावीस हजार महिना, एक लाख अनामत, अकरा महिने असा करार धरा. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का, त्यात परत करायच्या अनामतीचे वर्षाला दहा टक्के धरायचे. म्हणजे साडेसहाशे रुपयांच्या आत. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. एजंटचे पैसे धरले तरी एका रात्रीच्या हॉटेल जेवणाइतका खर्च.

चौथा प्रकार मोजक्याच जणांच्या वाट्याला येतो: फ्लॅट एखाद्या बँकेला, सरकारी उपक्रमाला किंवा एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपनीला दिलेला. त्यांना हा कायदा संरक्षण देत नाही. तिथे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ ची नोटीस चालते. मासिक भाडं असेल तर पंधरा दिवसांची.

काहीही झालं तरी हे करू नका

हे खरं तर शेवटी यायला हवं होतं. पण बहुतेक लोक चिडून हे सगळ्यात आधी करून बसतात, म्हणून इथेच सांगते.

कुलूप बदलू नका. पाणी, वीज बंद करू नका. कलम २९ नुसार अत्यावश्यक सोय तोडणं हा गुन्हा आहे, शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद. त्यात जिन्यातले दिवे आणि लिफ्टसुद्धा येतात. सामान बाहेर काढलंत तर समोरचा माणूस विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो, आणि त्या दाव्यात ‘घर कोणाच्या मालकीचं’ हा प्रश्न विचारलाच जात नाही. स्वतःच्याच घराचा ताबा दुसऱ्याला परत द्यावा लागलेला एक गृहस्थ मी पाहिला आहे. त्याच्याकडे करार होता, मुदत संपलेली होती, बाजू शंभर टक्के त्याची होती. एका रविवारी सकाळी त्याने कुलूप तोडणारा बोलावला आणि सगळं उलटलं.

पोलिसांकडे जाऊन उपयोग नाही. ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असं ते सांगतात आणि ते बरोबरच असतं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली होती म्हणून पोलीस त्याला बाहेर काढतील, असंही नाही. ती नोंद सुरक्षिततेसाठी असते. सोसायटीच्या सेक्रेटरीलाही असा अधिकार नाही.

घर बघायचं असेल तर आधी कळवून, योग्य वेळी जा. कलम २८ तुम्हाला तो हक्क देतं. आपल्याकडे दुसरी किल्ली आहे म्हणून दुपारी आत शिरू नका.

लिव्ह अँड लायसन्स: मुदत संपत आली की

मुदत संपण्याच्या साधारण दोन महिने आधी हालचाल सुरू करा. कायद्याने नोटीस सक्तीची नाही. करारातली शेवटची तारीख हीच नोटीस. तरी लेखी कळवावं, कारण ‘काका तोंडी म्हणाले होते, अजून वर्षभर राहा’ हे वाक्य पुढे हमखास येतं. मी पाठवलेलं पत्र असं होतं:

‘आपल्यासोबत झालेल्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत अमुक तारखेस संपत आहे. मुदत वाढवण्याचा माझा विचार नाही. त्या दिवशी सायंकाळी सहापर्यंत घर रिकामं करून ताबा द्यावा. वीज, गॅस व सोसायटीची देणी वजा जाता आपली अनामत रक्कम त्याच वेळी परत देण्यात येईल. मुदतीनंतर राहिल्यास अधिनियमाच्या कलम २४ नुसार दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू होईल.’

एवढंच. धमकी नाही, इतिहास नाही. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालं), पोच जपा, आणि तेच व्हॉट्सअ‍ॅपवर व ईमेलवर टाका. उत्तर आलं तर स्क्रीनशॉट ठेवा. ‘हो काका, निघतो’ एवढं उत्तरसुद्धा नंतर सोन्याचं ठरतं.

अनामतीचे पैसे हाताशी ठेवा. हे मी ठासून सांगते, कारण निम्मी भांडणं इथेच होतात. मालकाने ते केव्हाच खर्च केलेले असतात, आणि राहणारा म्हणतो ‘पैसे द्या, मग किल्ली देतो’. यात त्याचं फारसं चुकत नाही. उलट बाजूला, शेवटचे दोन-तीन महिने ‘अनामतीतून वळते करा’ हेही मान्य करू नका. ती रक्कम संपली की तुमच्या हातात धरायला काही उरत नाही.

मुदत संपली, माणूस निघाला नाही आणि महिन्याचे पैसे मात्र खात्यात आले, तर काय करायचं? घेऊन गप्प बसलात तर पुढे तो म्हणेल, मालकाने करार पुढे चालू ठेवला. मी त्याच दिवशी लिहून कळवलं होतं की ही रक्कम मुदतीनंतरच्या वापराच्या नुकसानभरपाईपोटी, माझे सर्व हक्क राखून, जमा करून घेत आहे; नवी परवानगी दिलेली नाही.

सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज

मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही कलम २४ खाली अर्ज करू शकता. सक्षम प्राधिकारी हा सरकारने भाडे नियंत्रण कायद्याखाली विभागवार नेमलेला अधिकारी असतो. तो मुख्यतः एकच गोष्ट पाहतो, ती म्हणजे परवान्याची मुदत संपली का. संपली असेल तर ताबा देण्याचा आदेश काढावाच लागतो. तुम्हाला घर कशाला हवंय, भाडेकरूची मुलं कुठल्या शाळेत आहेत, यात त्याला जायचं नसतं.

अर्जासोबत नोंदणीकृत कराराची प्रत, मालकीचा पुरावा (इंडेक्स दोन म्हणजे नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा, सोसायटीचं भाग प्रमाणपत्र किंवा करपावती), पाठवलेलं पत्र व पोच, थकबाकीचा तक्ता आणि शपथपत्र जोडा. मालक एकाहून जास्त असतील तर सगळ्यांच्या सह्या किंवा मुखत्यारपत्र. नवरा-बायकोच्या नावावर फ्लॅट आणि करारावर सही फक्त नवऱ्याची, अशी प्रकरणं उगाच एक-दोन तारखा खातात.

नंतर समन्स निघतं. परवानाधारकाला ते मिळाल्यापासून तीस दिवसांत शपथपत्र देऊन ‘मला बाजू मांडायची परवानगी द्या’ असं मागावं लागतं. नुसतं हजर राहून ‘साहेब, मुदत द्या’ म्हणून भागत नाही. त्याने शपथपत्र दिलंच नाही, किंवा त्यातली कारणं पटली नाहीत, तर तुमचा अर्ज मान्य धरून आदेश होतो. वेळ लागतो तो समन्स बजावण्यात. माझे पहिले तीन महिने यातच गेले, कारण दार उघडायला कोणी नव्हतं. शेवटी दारावर समन्स चिकटवून फोटो काढले गेले. तुमचं प्रकरण अडलं असेल तर आधी बजावणीचा अहवाल फाइलला लागलाय का ते पाहा. बहुतेक वेळा अडचण तिथेच सापडते.

कलम २४ मध्ये एक वाक्य फार मोलाचं आहे: लेखी लायसन्स करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जाईल. म्हणून ‘हा करार नावापुरता आहे, मी खरं तर भाडेकरू आहे’ हे तिथे टिकत नाही. परवानाधारकाव्यतिरिक्त तिऱ्हाईत कोणाचा दावाही ऐकला जात नाही, आणि मूळ माणूस वारला असेल तर त्याच्यामागे राहणाऱ्यांनाही तोच करार लागू होतो.

पण निर्णायक म्हणजे तुमच्यावरही निर्णायक. मुदतीनंतरची नुकसानभरपाई करारात लिहिलेल्या शुल्काच्या दुप्पट मिळते. बावीस हजार लिहिले असतील तर महिन्याला चव्वेचाळीस. कर वाचवायला करारात आठ हजार दाखवून चौदा रोख घेत असाल, तर दुप्पट म्हणजे सोळा, ठरलेल्या भाड्यापेक्षाही कमी. ‘हेवी डिपॉझिट’वर, म्हणजे भाड्याऐवजी मोठी अनामत घेऊन घर देणाऱ्यांनी तर हे नीट वाचावं. मासिक शुल्क शून्य असेल, तर त्याची दुप्पट किती?

आदेशाविरुद्ध अपील नाही. नव्वद दिवसांत पुनरीक्षण अर्ज, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याने आदेश तपासावा असा अर्ज, करता येतो. तो केला म्हणजे आपोआप स्थगिती मिळत नाही, ती वेगळी मागावी लागते. आदेश अंतिम झाल्यावर तीस दिवसांत ताबा दिला नाही, तर प्राधिकारी आपल्या माणसांकरवी, गरज पडल्यास बळ वापरून, ताबा घेऊन देतो. पोलीस बंदोबस्त येतो तो या टप्प्यावर, कार्यालयाच्या पत्रावरून.

सैन्यदलातल्या, निवृत्त किंवा दिवंगत सैनिकांच्या कुटुंबांसाठी कलम २३ खाली खऱ्या भाडेकरूविरुद्धसुद्धा याच प्राधिकाऱ्याकडे जायची सोय आहे. स्वतःला राहण्यासाठी घर हवं असेल तर तिचा उपयोग करा. ही सोय असल्याचं अनेक सैनिकांच्या घरी माहीतच नसतं.

मुदत संपायच्या आधी काढायचं असेल तर

इथे करारातल्या शब्दांवर सगळं अवलंबून. ‘दोन महिने शुल्क थकल्यास, घराचा इतर वापर केल्यास किंवा दुसऱ्याला राहू दिल्यास, तीस दिवसांच्या लेखी नोटिशीने परवाना रद्द करता येईल’ असं कलम असेल तर आधी त्याप्रमाणे नोटीस द्या. कोणत्या अटीचा भंग झाला, केव्हा झाला ते तारखेनिशी लिहा. करारात ‘लॉक-इन’ (ठरावीक काळ करार मोडायचा नाही अशी अट) असेल तर ते तुम्हालाही बांधतं, हे विसरू नका.

माझं स्पष्ट मत: तीन-चार महिने उरले असतील आणि घराची नासधूस होत नसेल, तर मुदत संपू द्या. मुदत संपली हे सिद्ध करायला एक कागद पुरतो. अटीचा भंग झाला हे सिद्ध करायला साक्षीदार, फोटो, उलटतपासणी लागते, आणि त्यात ते तीन-चार महिने निघूनच जातात.

जुना भाडेकरू: दावा कशावर लावायचा

आता मामांचा वाडा. भाडेकरू भाडं देतोय किंवा द्यायला तयार आहे आणि अटी पाळतोय, तोवर त्याला काढता येत नाही, हे कलम १५ चं सूत्र. भाडेवाढसुद्धा वर्षाला फक्त चार टक्के. काढायचं तर थकबाकी, नाहीतर कलम १६ मधलं एखादं कारण.

थकबाकीचा दावा सोपा वाटतो, पण हरणारे सर्वात जास्त याच दाव्यात हरतात. आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ती पोचल्यापासून नव्वद दिवस पूर्ण झाल्यावरच दावा लावता येतो. एकोणनव्वदाव्या दिवशी लावलेला दावा फुकट जातो. नोटिशीत भाडं किती, कर किती, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, हे वेगवेगळं लिहा. फुगवलेली मागणी करू नका. दाव्याचं समन्स मिळाल्यावरही भाडेकरूला नव्वद दिवस मिळतात. तेवढ्यात त्याने सगळी बाकी पंधरा टक्के सरळव्याजाने न्यायालयात भरली, पुढचं भाडं भरत राहिला आणि खर्च दिला, तर ताब्याचा हुकूम होत नाही. म्हणजे या मार्गाने बऱ्याचदा घर येत नाही, नुसती बाकी येते. जो मुळात भरणारच नाही, त्याच्यावरच हा दावा उपयोगी.

आणि भाडं नाकारू नका! ‘आता घेतच नाही, मग थकेल’ ही जुन्या मालकांची आवडती युक्ती. भाडेकरू मनीऑर्डर पाठवतो, ती ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत येते, तो शेरा जपून ठेवतो आणि ‘मी द्यायला तयारच होतो’ हे न्यायालयात सिद्ध करतो. मामांनी हेच केलं होतं. चौदातली पहिली पाच वर्षं त्यातच गेली.

स्वतःची खरी गरज हे कलम १६ मधलं सगळ्यात चालणारं कारण. मुलाचं लग्न झालं, घर अपुरं पडतं, म्हातारपणी जिने चढवत नाहीत म्हणून तळमजल्याची खोली हवी. सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी म्हटलं आहे की आपल्याला किती आणि कुठे जागा हवी, याचा उत्तम निर्णय मालकच करू शकतो. भाडेकरूने त्याला सल्ला देऊ नये. पण गरज खरी दिसायला हवी. कुटुंबात किती माणसं, आत्ता किती खोल्या, कोण कुठे झोपतं, हे दाव्यात नकाशासह लिहा. मालकीची दुसरी जागा असेल तर लपवू नका. ती सोयीची का नाही ते सांगा. लपवलेली जागा उलटतपासणीत बाहेर आली की गरजही खोटी ठरते.

गरज पटली तरी न्यायालय तुलनात्मक अडचण तोलतं: हुकूम दिल्याने भाडेकरूला जास्त त्रास, की न दिल्याने मालकाला? दावा चालू असताना भाडेकरूने पर्यायी जागा शोधायचा प्रयत्न केला का, त्याने किंवा घरातल्या कोणी फ्लॅट घेतला आहे का, याला इथे महत्त्व येतं. इंडेक्स दोनचे शोध दुय्यम निबंधकाच्या नोंदींत ऑनलाइन घेता येतात. मामांच्या प्रकरणाचा काटा शेवटी यानेच फिरला: भाडेकरूच्या सुनेच्या नावावर चार किलोमीटरवर दोन खोल्यांचं घर निघालं. ताबा मिळाल्यावरही एक पथ्य आहे. महिनाभरात स्वतः राहायला गेला नाहीत किंवा वर्षाच्या आत घर दुसऱ्याला भाड्याने दिलंत, तर मूळ भाडेकरू जागा परत मागू शकतो.

बाकीच्या कारणांत सहा महिने सलग बंद असलेलं घर हे पुराव्याला सोपं. वीजबिलात युनिट शून्य, गॅसची नोंद नाही, शेजाऱ्याची साक्ष. फक्त दावा लावण्याच्या लगतचे सहा महिने हवेत आणि बंद ठेवण्याला वाजवी कारण नसावं. आजारपणाने मुलीकडे राहिलेल्या आजीविरुद्ध हे चालत नाही. पोटभाडेकरू ठेवणं, लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम करणं, शेजाऱ्यांना उपद्रव देणं, नोकरीमुळे दिलेली जागा नोकरी सुटल्यावरही न सोडणं, ही इतर कारणं. पाडून नवी इमारत बांधण्याचं किंवा दुरुस्तीचं कारणही कायद्यात आहे. पण तिथे मंजूर नकाशे, पैशांची तयारी आणि भाडेकरूला नव्या इमारतीत जागा देण्याची हमी येते. त्यासाठी वेगळा वकील आणि वेगळा लेख लागेल.

वरच्या न्यायालयात प्रकरण गेलं आणि भाडेकरूने स्थगिती मागितली, तर बाजारभावाच्या आसपास मासिक रक्कम जमा करण्याची अट घालायला सांगा. सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या आत्माराम प्रॉपर्टीज प्रकरणात हे तत्त्व मान्य केलं आहे. साठ रुपयांवर राहणाऱ्याला महिन्याला सहा हजार भरावे लागले की तडजोडीची भाषा सुरू होते.

आणि तडजोड वाईट नसते. कलम ५६ नुसार भाडेकरूने भाडेहक्क सोडण्यापोटी पैसे घेणं कायदेशीर आहे. मामांनी पहिल्याच वर्षी दिले असते तेवढे पैसे शेवटी वकिलाला गेले. पैसे द्यायचे तर चेकने द्या, हक्क सोडल्याचा दस्त नोंदवा आणि किल्ली त्याच टेबलावर घ्या. दावा चालू असेल तर संमतीच्या अटी न्यायालयात दाखल करा, आणि त्यात कायद्यातलं कोणतं कारण भाडेकरूने मान्य केलं ते स्पष्ट लिहा. नुसतं ‘आपसात मिटलं’ लिहिलेला हुकूम पुढे दरखास्तीत, म्हणजे अंमलबजावणीच्या वेळी, अडतो.

परदेशात असाल तर

पुण्या-मुंबईतले कितीतरी फ्लॅट न्यू जर्सी नाहीतर दुबईत राहणाऱ्यांचे असतात. इथल्या भावाला किंवा वडिलांना मुखत्यारपत्र द्या, पण त्यात भाड्याने देण्यासोबत नोटीस देणे, सक्षम प्राधिकारी व न्यायालयांपुढे अर्ज-दावे करणे, साक्ष देणे आणि ताबा घेणे हे अधिकार स्पष्ट लिहा. भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्या किंवा, त्या देशात ती सोय असेल तर, अपोस्टिल (दुसऱ्या देशात दस्त चालावा म्हणून मिळणारं प्रमाणपत्र) करा, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरा. मुदत उलटून गेल्यावर ते आठवणारे बरेच असतात.

ताबा घेण्याचा दिवस

दोन साक्षीदार बोलवा, शक्यतो सोसायटीतला एक. खोल्या रिकाम्या असल्याचा व्हिडिओ काढा. माळा, बाल्कनी आणि बाथरूमच्या वरची टाकीसुद्धा. विजेच्या मीटरचा आकडा आणि गॅसचा आकडा फोटोत घ्या. सोसायटीची थकबाकी नसल्याचं सेक्रेटरीकडून लिहून घ्या. मग ताबा पावती: तारीख, वेळ, किती किल्ल्या मिळाल्या, अनामतीतून काय आणि किती कापलं, उरलेली रक्कम कोणत्या व्यवहार क्रमांकाने दिली, ‘यापुढे माझा या घरावर कोणताही हक्क नाही’, आणि राहणाऱ्या सर्व प्रौढांच्या सह्या.

एखादी पेटी, एखादं कपाट ‘पुढच्या आठवड्यात नेतो’ म्हणून ठेवू देऊ नका. माझ्या फ्लॅटमध्ये एक कूलर राहिला होता. तो नेण्याच्या निमित्ताने पुन्हा किल्ली मागितली गेली. मी कूलर वॉचमनच्या खोलीत ठेवला, पावतीवर एक ओळ वाढवली आणि संध्याकाळी कुलूप बदललं. त्या दिवशी मात्र तो हक्क माझा होता.

त्याच आठवड्यात पोलीस ठाण्याला आणि सोसायटीला भाडेकरू गेल्याचं कळवा, त्या पत्त्यावरचं त्याचं गॅस कनेक्शन बंद झालं का पाहा, आणि टपाल आलं तर ‘पत्त्यावर राहत नाही’ लिहून पोस्टमनकडे परत द्या.